सागरतळाचे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरातील उस्मानपुऱ्यात एखाद्या घरमालकाने वा गृहनिर्माण संस्थेने बोअर घ्यावयाचे ठरविले, की पहिले बोलावणे पाणाड्याला जाते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला, की जागा मुक्रर होते. मग बोअरची गाडी येते, रात्रभर घरघर चालते, मुरूम संपून काळा पाषाण लागतो आणि करड्या भुकटीचा धुरळा साऱ्या गल्लीवर बसतो. पाणी लागले तर पाणाड्याचा मान वाढतो. न लागले तर ‘नशिबात नव्हते’ एवढेच म्हणावयाचे असते, आणि कुटुंबाची शिल्लक त्या अरुंद भोकात कायमची गाडली जाते. जायकवाडीचे धरण १९७६ साली उभे राहिले. तेथून पन्नास-एक किलोमीटरांवरील या शहराला नळाचे पाणी मात्र वर्षानुवर्षे चार-चार, आठ-आठ दिवसांनी मिळत आले. बोअर ही येथील माणसाची हौस नव्हे. नगरव्यवस्थेच्या अपयशाची ती किंमत आहे, आणि ती ज्याची त्याने आपल्या खिशातून भरावयाची आहे.

ज्या पाषाणापुढे उस्मानपुऱ्यातील माणूस असा हतबल होतो, त्याच पाषाणाचा आणि त्याखाली काय दडले आहे त्याचा वेध अरबी समुद्राच्या तळाखाली घेण्याचे एक शास्त्र गेल्या अर्धशतकात विलक्षण प्रगत झाले आहे. वीज आणि चुंबकत्व ही त्याची साधने. लोखंडाचा एक छिन्नीएवढा तुकडाही तळात न रोवता, शेकडो मीटर पाण्याखालचा आणि त्याच्याही खाली दोन-तीन किलोमीटर असलेला खडक पाण्याने भिजलेला आहे, तेलाने भरलेला आहे, की ठणठणीत कोरडा आहे, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. विषय तज्ज्ञांचा आहे, पक्षकार्यकर्त्यांचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणास वाटेल. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. जमिनीखाली व समुद्राखाली काय आहे हे ज्याला आधी कळते तो त्या संपत्तीचा अर्धा मालक आधीच झालेला असतो. कायद्याचा कागद मागाहून येतो.

प्रथम पाषाणाचीच ओळख करून घ्यावी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून निघालेल्या लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले. आजही जमिनीवर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. वेरूळ व अजिंठ्याची लेणी याच पाषाणात खोदलेली आहेत. उस्मानपुऱ्यातील घरांचे पायेही त्यावरच टेकलेले आहेत. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा या पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळखडकाचा थर निघाला, आणि मग अतिप्राचीन मूळ खडक लागला. पश्चिमेकडे जाडी वाढत जाते. कोयनेच्या परिसरात वैज्ञानिक छिद्रण झाले तेथे ती सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. सह्याद्री ओलांडून कोकणात उतरले, की पनवेलच्या भागात हेच थर समुद्राकडे झुकलेले दिसतात, आणि मग ते पाण्याखाली जातात. संपत मात्र नाहीत. मुंबईच्या पश्चिमेस, पुढे कोकण व केरळच्या किनाऱ्यासमोर, उत्तरेस सौराष्ट्र व कच्छच्या समुद्रात, हजारो मीटर गाळाखाली हा पाषाण पसरलेला आहे. २०१५ साली ‘जॉइडीज रेझोल्यूशन’ या संशोधननौकेने अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात साडेतीन हजार मीटर पाण्याखाली छिद्र घेतले. हजार मीटरहून अधिक गाळ भेदल्यावर तळाशी बेसाल्टच हाती लागला.

आता भूशास्त्रज्ञांचा कयास असा, की या पाषाणाच्याही खाली, लाव्हा वाहण्यापूर्वीच्या काळातील गाळखडक ठिकठिकाणी दबून राहिले असावेत, आणि गाळखडक म्हटला की तेल व वायूची शक्यता आली. तेलशोधाची रूढ पद्धत ध्वनिलहरींची आहे. जहाजामागून हवेच्या तोफा डागावयाच्या आणि तळातून परतणारा प्रतिध्वनी टिपावयाचा. परंतु थरावर थर असलेल्या, मध्येच पोकळ व मध्येच घट्ट अशा लाव्ह्यात हा ध्वनी विखुरतो, अडतो, आणि खालचे चित्र धूसर होते. बंद दरवाजापलीकडचे बोलणे भिंतीला कान लावून ऐकण्यासारखाच तो प्रकार. येथे वीज उपयोगी पडते.

समुद्राचे खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे, आणि हीच प्रथमदर्शनी मोठी अडचण वाटते. आकाशवाणीच्या मध्यम लहरी समुद्रात हातभर खोलही जात नाहीत. वाटेतच विरून जातात. परंतु कंपनसंख्या कमी केली, सेकंदाला लक्षावधी आंदोलनांऐवजी एक किंवा त्याहूनही कमी इतकी मंद केली, तर लहर पाण्यात पावणेतीनशे मीटरपर्यंत बऱ्यापैकी तग धरते. तळाखालचा खडक समुद्रजलापेक्षा कमी वाहक असल्याने तेथे ती आणखी दूर पोहोचते. क्षारयुक्त पाण्याने भिजलेला गाळखडक विजेला सहज वाट देतो. त्याच्या छिद्रांत पाण्याच्या जागी तेल वा वायू असेल, तर विरोध दहापट, कधी शंभरपटही वाढतो. घट्ट बेसाल्टही विरोध करतो. म्हणून बेसाल्टखाली ओलसर गाळखडक असेल, तर विरोध एकदम घसरतो आणि त्या घसरणीवरून तो ओळखता येतो. ध्वनी आकार सांगतो. वीज आत काय भरले आहे ते सांगते.

पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत वीज माणसाने निर्माण करावयाचीच नसते. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या प्रवाहामुळे व दूरवरच्या विजांमुळे पृथ्वीचे चुंबकक्षेत्र सतत थरथरत असते, आणि त्या थरथरीने जमिनीत व समुद्रतळात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात. ते मोजून खोलीचे गणित मांडण्याचा मार्ग सोव्हिएत गणितज्ञ तिखोनोव्ह यांनी १९५० साली आणि फ्रान्सचे कान्यार यांनी १९५३ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिला. दुसऱ्या पद्धतीत जहाज तळापासून पन्नास-शंभर मीटर उंचीवरून शे-दोनशे मीटर लांबीची तारेची शेपटी ओढत नेते, तिच्यातून शेकडो अँपिअर प्रवाह सोडला जातो, आणि तळावर आधीच उतरविलेली यंत्रे व्होल्टच्या अब्जांशाहूनही क्षीण संकेत टिपून ठेवतात. यंत्राला काँक्रीटचे ओझे बांधून ते बुडविलेले असते. काम संपले की जहाजावरून ध्वनीचा इशारा द्यावयाचा. ओझे सुटते, यंत्र वर तरंगत येते. युक्ती साधी आहे. खर्च मात्र साधा नाही, आणि जेथे खर्च तेथे मालकीचा प्रश्न.

ज्ञान जनतेचे, पेटंट कंपनीचे

सागरतळावरील या दुसऱ्या पद्धतीचा पाया अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेत चार्ल्स कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात घातला. हेतू तेलाचा नव्हता. सागरतळ कसा घडतो, नवे कवच कोठे व कसे तयार होते, हे जाणण्याचा होता. दोन दशके हे संशोधन सार्वजनिक पैशावर, विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत चालले. २००० साली अंगोलाच्या समुद्रात नॉर्वेच्या तेल कंपनीने या पद्धतीची ज्ञात तेलसाठ्यावर चाचणी घेतली, त्या चाचणीतही स्क्रिप्स व साउथॅम्प्टन येथील संशोधकांचा सहभाग होता. चाचणी यशस्वी झाली आणि दोन वर्षांत केवळ या कामासाठी ईएमजीएस नावाची कंपनी उभी राहिली. पाठोपाठ पेटंटे आली. श्लंबर्जर या बलाढ्य कंपनीने त्या पेटंटांना इंग्लंडच्या न्यायालयात आव्हान दिले. तेलसाठा शोधण्यासाठी समुद्रात ही पद्धत वापरावी, ही कल्पना जाणकाराला सहज सुचण्यासारखी होती की नव्हती, यावर नामांकित वकिलांनी युक्तिवाद केले; २०१० साली अपील न्यायालयाचा निकाल पेटंटधारक कंपनीच्या बाजूने लागला. दोन भांडवलदारी कंपन्या एका सार्वजनिक विहिरीच्या काठावर उभ्या राहून पोहरा कोणाचा म्हणून भांडत होत्या, असे या खटल्याचे वर्णन केले तर अतिशयोक्ती होणार नाही. विहीर कोणी खणली हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

गंमत अशी, की श्लंबर्जर हे नाव मराठवाड्यातील भूजल सर्वेक्षकांना फार जुन्या ओळखीचे आहे. कॉनराड श्लंबर्जर यांनी १९१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये जमिनीत खुंट्या रोवून वीज सोडण्याची आणि विरोध मोजण्याची रीत रूढ केली. शेतात एका रेषेत चार लोखंडी खुंट्या, बाहेरच्या दोहोंतून प्रवाह, आतल्या दोहोंवर मोजणी, आणि बाहेरच्या खुंट्या दूर दूर नेत खोलीचा अंदाज. या मांडणीला आजही त्यांचेच नाव आहे. एक बॅटरी, तारेची भेंडोळी, हातात मावेल एवढे यंत्र. डॉ. राममनोहर लोहिया यांनी ज्या लहान यंत्राचा हयातभर पुरस्कार केला, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. या यंत्राचा वंशज समुद्रात तेलासाठी झगडतो आहे, आणि उस्मानपुऱ्यात नारळ उभा राहतो आहे.

भारतात हे शास्त्र उपरे नाही, हे येथे आवर्जून सांगावयास हवे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकक्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेवर चालणारी ट्राम आणण्याचे ठरले, तेव्हा तिच्या प्रवाहाने सूक्ष्म मापने बिघडणार हे उघड झाले. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागेत, लोहाचा अंश टाळून बांधलेली नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या, काही काळ दोन्ही ठिकाणी समांतर मोजणी करून सातत्य राखण्यात आले, आणि मग ट्राम धावली. विज्ञान आणि लोकोपयोगी वाहतूक या दोहोंची सोय एका विचाराने लावता येते, हे शंभर वर्षांपूर्वी एका परक्या राजवटीतही साधले. त्या परंपरेतूनच १९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेला स्वायत्त रूप मिळाले. तिचे मुख्यालय आज नव्या पनवेलला आहे. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने सौराष्ट्रात बेसाल्टखालच्या गाळखडकाचा वेध विद्युतचुंबकीय पद्धतींनी घेतला, आणि कच्छच्या आखातात हीच निरीक्षणे समुद्रतळावर नेली. किल्लारीच्या भूकंपानंतर याच पद्धतीने भूपृष्ठाखाली सहा ते दहा किलोमीटरांच्या दरम्यान विजेला वाट देणारा, बहुधा द्रवयुक्त असा पट्टा असल्याचे दाखवून दिले. ज्या भूमीत भूकंप होणारच नाही असे समजून घरे बांधली गेली होती, तिच्या पोटात काय आहे हे हजारो माणसे मृत्युमुखी पडल्यानंतर पाहण्यात आले. आधी पाहिले असते तर भूकंप टळला नसता हे खरेच. पण दगडमातीच्या जाड भिंतींविषयी कोणी तरी वेळीच बोलले असते.

मुंबई हाय आणि पन्ना-मुक्ता

सार्वजनिक ज्ञान आणि सार्वजनिक मालकी यांची सांगड घातली म्हणजे काय होते, याचा दाखला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर समुद्रातच उभा आहे. भारतात तेल नाही, असलेच तर ते शोधणे भारतीयांचे काम नव्हे, अशी पाश्चात्त्य तेल कंपन्यांची भूमिका होती. केशवदेव मालवीय यांनी ती मानली नाही. १९५९ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग वैधानिक रूपात उभा राहिला. सोव्हिएत तज्ज्ञांच्या सहकार्याने १९६० च्या दशकात खंबायतच्या आखाताचे व मुंबईसमोरील समुद्राचे सर्वेक्षण झाले. आणि १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबई हायच्या पोटातले तेल वर आणले. १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. तेलाच्या किमती जगभर चौपट झालेल्या असताना देशाचा श्वास चालू राहिला तो या विहिरींमुळे.

पुढची कथा तितकी स्फूर्तिदायक नाही. पन्ना, मुक्ता व ताप्ती ही क्षेत्रे याच सार्वजनिक संस्थेने शोधली. जोखीम सरकारी, सर्वेक्षण सरकारी, छिद्रण सरकारी. १९९४ च्या डिसेंबरात ती एन्रॉन, रिलायन्स आणि तेल आयोग यांच्या संयुक्त गटाकडे करारान्वये देण्यात आली. साठ टक्के वाटा दोन खाजगी कंपन्यांचा. हीच ती एन्रॉन, जिच्या दाभोळ प्रकल्पाविरुद्ध गुहागरच्या ग्रामस्थांनी लाठ्या खाल्ल्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी तुरुंग पाहिला. दाभोळ सर्वांच्या स्मरणात राहिले, कारण तेथे गावे होती, माणसे होती, वीजबिल होते. पन्ना-मुक्ता कोणाच्या लक्षात राहिले नाही. समुद्रात गाव नसते. पंचवीस वर्षांची मुदत संपून २०१९ च्या अखेरीस पन्ना-मुक्ता तेल आयोगाकडे परत आली, तेव्हा या क्षेत्रांचा भरज्वानीचा काळ सरलेला होता. शोध जनतेच्या पैशाने आणि फळ खाजगी तिजोरीत, हा क्रम ज्यांनी त्या वेळी निमूटपणे मान्य केला, त्यांना आज सागरतळाच्या खनिजांवर बोलण्याचा नैतिक अधिकार किती उरतो, हे त्यांचे त्यांनी पाहावे.

आता प्रश्न केवळ तेलाचा राहिलेला नाही. खोल समुद्रात पाच हजार मीटरांवर मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असलेले गोटे पडलेले आहेत. १९८१ च्या २६ जानेवारीस ‘गवेषणी’ या भारतीय संशोधननौकेने असे गोटे प्रथम वर आणले, आणि मध्य हिंदी महासागरातील ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात शोधाचा हक्क भारताला मिळाला. सागरी पर्वतरांगांच्या कुशीत उष्ण झऱ्यांभोवती धातूंची गंधकयुक्त खनिजे साचतात. ती विजेची उत्तम वाहक असल्याने विद्युतचुंबकीय पद्धतीने ओळखू येतात, चिखलाखाली गाडली गेली असली तरीही. त्यांच्या शोधासाठी २०१६ साली दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्राचा आणि २०२५ च्या सप्टेंबरात अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग रांगेतील तेवढ्याच क्षेत्राचा करार भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी केला. हे प्राधिकरण ज्या तत्त्वावर उभे आहे ते तत्त्व समाजवाद्यांच्या जिव्हाळ्याचे आहे. माल्टाचे प्रतिनिधी अर्विद पार्दो यांनी १९६७ साली संयुक्त राष्ट्रांत मांडले, की राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा सागरतळ हा साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा आहे. १९७० च्या ठरावाने ते मान्य झाले, १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात ते कलमबद्ध झाले. अमेरिकेने तो करार कधीच मान्य केला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिच्या अध्यक्षांनी आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाला वळसा घालून खोल समुद्रातील खाणकामाचे परवाने आपल्याच कायद्याने देण्याचा आदेश काढला. जगाच्या सामाईक गायरानात बलदंड पाटलाने आपले कुंपण ठोकावे, तसा हा प्रकार आहे, आणि त्याचा निषेध करण्यात भारताने कचरू नये.

परंतु परराष्ट्राकडे बोट दाखवताना घरातील व्यवहार झाकून चालणार नाही. देशाच्या स्वतःच्या सागरी हद्दीतील खनिजांविषयीचा २००२ चा कायदा २०२३ साली दुरुस्त झाला आणि खाजगी कंपन्यांना लिलावाने पन्नास वर्षांचे उत्पादनपट्टे देण्याची वाट मोकळी झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात पहिले तेरा पट्टे पुकारण्यात आले: गुजरातसमोर चुनखडीच्या गाळाचे तीन, केरळसमोर बांधकामाच्या वाळूचे तीन, ग्रेट निकोबारजवळ धातुयुक्त गोट्यांचे व कवचांचे सात. केरळच्या समुद्रात ही वाळू ७४.५ कोटी टन असल्याचा अंदाज भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा. म्हणजे येथेही पहिला वेध सरकारी संस्थेचाच. केरळच्या मच्छीमारांनी २०२५ च्या २७ फेब्रुवारीस किनाऱ्यावर कडकडीत बंद पाळला. त्यांचा प्रश्न सरळ होता. ज्या तळावर मासळी वाढते तो तळ खरवडून नेल्यावर जाळे कोठे टाकावयाचे? रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या आणि रायगडच्या कोळी बांधवांना हाच प्रश्न उद्या पडणार नाही, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? शेतकऱ्याजवळ निदान सातबारा असतो, भूसंपादनाला हरकत घेता येते, न्यायालयात जाता येते. समुद्राला सातबारा नाही. पिढ्यान्पिढ्या ज्या पाण्यात कोळ्याने जाळे टाकले, त्यावर त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही.

येथे दोन आक्षेपांचा विचार करावयास हवा, आणि दोन्ही आपल्याच बाजूच्या मंडळींकडून येणारे आहेत. पहिला असा, की जगाचे हवामान तापत असताना तेल शोधण्याच्या विद्येची वाखाणणी का करावी? आक्षेप गंभीर आहे. नवे तेल शोधण्याच्या स्पर्धेत उतरण्याचे आता कारण नाही, हेही मान्य करावयास हरकत नाही. परंतु विद्या एका मालाशी लग्न लावून आलेली नसते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यासमोर समुद्रतळाखाली गोड्या पाण्याचा विस्तीर्ण साठा असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याच पद्धतीने दाखवून दिले. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या खडकापेक्षा गोड्या पाण्याचा खडक विजेला अधिक विरोध करतो, एवढ्या साध्या गोष्टीवर ते उभे होते. उन्हाळ्यात कोकणातील किनाऱ्यावरच्या विहिरींत मचूळ पाणी शिरते, तेथे खाऱ्या-गोड्याची सीमारेषा किती आत सरकली हे सांगणारी विद्याही हीच. दुसरा आक्षेप कोळी वस्त्यांतून ऐकू येतो, की ही सारीच यंत्रे मासळीच्या मुळावर येतात. हवेच्या तोफांबाबत ही तक्रार निराधार नाही. विद्युत पद्धत त्या मानाने पुष्कळ सौम्य आहे; मात्र मुशी आणि पाकट यांसारख्या माशांना विजेचे सूक्ष्म क्षेत्र जाणवते, भक्ष्य शोधण्यासाठी ते त्यावरच विसंबतात, म्हणून त्यांच्या वावराच्या जागी व विणीच्या काळात सर्वेक्षण टाळणे हे शहाणपणाचे ठरेल. यंत्राला विरोध करून कामगार चळवळ पूर्वीही कोठे पोहोचली नाही. यंत्र कोणाच्या हाती, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या हिशेबाने चालते, यावर लढावयाचे असते.

मराठवाड्यापुरते बोलावयाचे, तर हाच न्याय जमिनीलाही लागू होतो. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकाच्या आरंभीपासून काम करीत आहे आणि विद्युतविरोधाची मोजणी तिला नवी नाही. हेलिकॉप्टरखाली तारेचे कडे टांगून जमिनीच्या पोटातील जलधर थरांचे चित्र काढण्याचा प्रयोग हैदराबादच्या संस्थेने डेन्मार्कच्या तज्ज्ञांसह देशात सहा ठिकाणी केला. त्यांतले एक ठिकाण नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा खोऱ्याचे होते. पाणलोट विदर्भाचा का निवडला आणि मराठवाड्याचा का नाही, असा प्रादेशिक रुसवा येथे उगाच नको. परंतु ज्या प्रदेशात दुष्काळ पडला की टँकरची रांग आणि टँकर आला की ठेकेदाराची वर्दी, असा क्रम ठरून गेला आहे, तेथे हा प्रयोग पथदर्शीच का राहावा? राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले. कायद्याचा हेतू चांगला. पण खाली काय आहे ते सांगावयाचे नाही आणि खोल जाऊ नको म्हणून दटावावयाचे, ही रीत लोकशाहीची नव्हे, तलाठ्याच्या चावडीची झाली. गावाच्या पोटातील पाण्याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तर एकाने खोल बोअर घेऊन शेजाऱ्याची विहीर कशी आटवली हे गावाला दिसेल, आणि निर्बंध पोलिसाविना पाळला जाईल.

मलिक अंबरने सतराव्या शतकात याच शहरासाठी नहर-ए-अंबरी बांधली, ती डोंगरपायथ्याच्या भूजलाचा उतार ओळखून. विजेचे यंत्र त्याच्यापाशी नव्हते. पाहण्याची दृष्टी होती, आणि आलेले पाणी शहराचे आहे ही भावना होती. मृणाल गोरे यांना मुंबईच्या उपनगरांतील बायाबापड्यांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले ते हंडे-मोर्चे काढले म्हणून. पण त्या मोर्च्यांमागे कोणत्या वस्तीला किती पाणी मिळते याचा चोख हिशेब असे, हे विसरले जाते. मोर्चा आणि मोजणी यांची अशी फारकत समाजवादी चळवळीने पूर्वी कधी केली नव्हती.

शासकीय तंत्रनिकेतन उस्मानपुऱ्यातच आहे. स्थापत्य शिकणाऱ्या मुलामुलींना चार खुंट्या, एक बॅटरी आणि एक विरोधमापक यांच्या साहाय्याने शहराच्या प्रत्येक प्रभागातील पाषाणाची जाडी व ओल मोजावयास लावणे ही महापालिकेच्या एका स्वागतकमानीच्या खर्चात बसणारी गोष्ट आहे. मोजणी अचूक नसेल, चुकाही होतील. बेसाल्ट हा फसवा खडक आहे आणि वीज त्यात कधी कधी कोरड्या चिकणमातीलाही पाणी समजते. तरीही नारळापेक्षा तिचा भरवसा अधिक, आणि नारळाप्रमाणे ती आपली चूक नशिबावर ढकलत नाही. कार्यकर्त्यांनी प्रभागसभांतून ही मागणी पुढे रेटावी.

समुद्राच्या बाबतीत मागणी अधिक कठीण आहे, कारण तेथे समोर महापालिका नसून दिल्ली व बहुराष्ट्रीय भांडवल आहे. देशाच्या तेलक्षेत्रांची भूभौतिकीय माहिती साठविणारे राष्ट्रीय भांडार २०१७ साली सुरू झाले, ते मुख्यतः गुंतवणूकदारांना क्षेत्रे निवडणे सोपे जावे म्हणून. मच्छीमार सहकारी संस्था, किनाऱ्यावरील ग्रामपंचायती आणि विद्यापीठे यांना अशी माहिती, निदान आपापल्या किनाऱ्यापुरती, विनामूल्य व मराठीत मिळाली पाहिजे. पट्टा पुकारण्यापूर्वी त्या किनाऱ्यावरच्या गावांत जाहीर सुनावणी झाली पाहिजे. आणि सार्वजनिक संस्थेने शोधलेले क्षेत्र खाजगी कंपनीस देताना शोधाचा खर्चच नव्हे, तर पुढील उत्पन्नाचा कायम वाटा त्या संस्थेला व किनाऱ्याला मिळेल, असे कलम कायद्यात आले पाहिजे. संसदेत पक्षाचे बळ आज किती, हे सांगण्याची गरज नाही. तथापि लिलावात पुकारलेल्या प्रत्येक पट्ट्याचे सर्वेक्षण कोणत्या सरकारी संस्थेने केले, त्यावर किती खर्च झाला आणि ती माहिती बोली लावणाऱ्यास काय किमतीत देण्यात आली, हे तीन प्रश्न २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर कोणालाही विचारता येतात.